सीडी नाही म्हणजे खर्च नाही?

गणपतीत डबलबारी भजनांची (दोन भजनी बुवांमधल्या सामन्याची) रेकॉर्डिंग मोबाइलवर फिरू लागली की कुडाळ-कणकवलीकडे हमखास ऐकू येतं, ‘सीडी नाही, कव्हर नाही, मग पैसे कसले?’ हे साफ चूक आहे. हजारोंनी काढली तर सीडी काही रुपयांतच पडते. बाकीची किंमत दुकानदार, वितरक, कंपनी आणि कलाकार यांच्यात वाटली जायची. पखवाजाला वेगळा माइक, झांजांच्या गजरात बुवांचा आवाज दबू नये म्हणून केलेलं मिक्सिंग, हा खर्च फाइल विकली तरी तेवढाच राहतो. २००३ मध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं, त्यातलाही मोठा वाटा संगीत कंपन्यांकडेच जायचा. वाचते ती छपाई, वाहतूक आणि गोदाम. शिवाय सीडी जुनी झाली तरी पुढे विकता येते, डाउनलोड सहसा नाही. म्हणून ते थोडं स्वस्त हवं, ही मागणी रास्तच आहे. फुकट हवं, ही नाही.