माणशी किती पाणी लागते? टाकी घेण्यापूर्वीचा हिशेब

"पाच माणसांना किती लिटरची टाकी पुरेल?" असे ग्राहक विचारतात, तेव्हा आम्ही त्यांना आधी घरातला वापर मोजण्याची विनंती करतो, कारण तेवढ्याच माणसांच्या दोन घरांत पाण्याचा खर्च दुपटीने वेगळा असू शकतो.

पिण्यासाठी प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 2 ते 3 लिटर पाणी लागते. कडक उन्हात किंवा अंगमेहनतीत ते वाढते. आपत्तीच्या वेळी मदतकार्यात माणशी किमान 15 लिटर धरले जातात, तर मूलभूत गरजा नीट भागण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना 50 ते 100 लिटर सांगते. हा फरक मुख्यतः अंघोळ, धुणे आणि शौचालय यांचा आहे. फ्लशची जुनी टाकी एका वेळेस 9 लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडते, नवी सुमारे 6. दिवसातून पाच वेळा वापर धरल्यास एवढ्यानेच माणशी 15 लिटर वाचतात.

शॉवरचा अंदाज मात्र डोळ्यांनी हमखास चुकतो. त्याखाली 10 लिटरची बादली ठेवून घड्याळ पाहावे. ती 75 सेकंदांत भरली, तर मिनिटाला 8 लिटर, म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला 80 लिटर पाणी लागते. बादलीने हेच काम 20 लिटरांत होते.

पाण्याचा मीटर असल्यास आठवडाभराच्या नोंदीला सातने आणि माणसांच्या संख्येने भागावे. रात्री शेवटचा नळ बंद केल्यावर आकडा टिपावा आणि पहाटे पुन्हा पाहावा. तो पुढे सरकला असेल, तर कुठेतरी गळती आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला चार-पाच लिटर पाणी घालवतो.

माणशी 120 लिटर निघाले, तर पाच जणांना दिवसाला 600 आणि दोन दिवसांच्या साठ्यासाठी 1200 लिटर लागतील. बाहेर जाणारा पाइप तळापासून थोडा वर असल्याने तळाचे पाणी वापरता येत नाही, म्हणून टाकी किंचित मोठी घ्यावी. फार मोठी मात्र आम्ही सुचवत नाही, कारण साठून राहिलेल्या पाण्यातील क्लोरिन कमी होत जाते. शिवाय 1500 लिटर पाण्याचे वजनच दीड टन असते, त्यामुळे गच्चीवर टाकी बसवण्यापूर्वी स्लॅब अभियंत्याकडून तपासून घ्यावा.