‘कितला उना रे भो?’
पारोळ्याला गच्चीवर डिश फिरवणारा मेकॅनिक अहिराणीत ओरडला, ‘‘कितला उना रे भो?’’ (सिग्नल किती आला रे भाऊ?) खाली मी लॅपटॉपला दोन ट्यूनर (सिग्नल पकडणाऱ्या डब्या) लावून बसलेलो. छत्री एक, चॅनेल एक; पण एक ट्यूनर म्हणे १२०, दुसरा ३०७२. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर. सिग्नल गोंगाटाच्या १२ डेसिबल वर होता. एका ड्रायव्हरने, म्हणजे ट्यूनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्याला दहाने गुणलं होतं, दुसऱ्याने २५६ ने.

हा घोळ जुना. लिनक्स या संगणक-प्रणालीतला डिजिटल टीव्हीचा ढाचा बर्लिनच्या कन्व्हर्जन्स कंपनीने नोकियासाठी आखायला घेतला. त्याची तिसरी आवृत्ती २००३ च्या २.६ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) होती. तिच्यात या मोजमापाला १६ बिटांची जागा मिळाली, एकक मात्र ठरलं नाही. मग कोणी चिपमधला कच्चा आकडा तसाच वर पाठवला, कोणी शंभर टक्के ताणून ६५५३५, म्हणजे १६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा, केले.

वारंवारतेचंही तेच. उपग्रहाची किलोहर्ट्झमध्ये, टॉवर नि केबलची हर्ट्झमध्ये. खानदेशात याचं नवल वाटू नये: शेतकऱ्याचा कापूस क्विंटलने जातो, जिनिंगमधून निघालेल्या रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर बोलतात आणि गाठ बांधतात १७० किलोची. पण व्यापारी निदान ‘खंडी’ म्हणतो तरी! ड्रायव्हर नुसता आकडा फेकायचे.

२०१३ च्या सुरुवातीला ब्राझीलचे लिनक्स प्रोग्रामर माउरो कार्वाल्यो शेहाब यांच्या पुढाकाराने आकड्यासोबत त्याचं मापही येऊ लागलं: डेसिबल (हजाराव्या भागापर्यंत), सापेक्ष किंवा नुसती मोजणी. आमचे १२ डेसिबल तिथे १२००० होतात. जुन्या आज्ञा मात्र काढल्या नाहीत, त्यामुळे जुने ड्रायव्हर आपल्याच तालात राहिले.

वारंवारतेचा निकाल २०१८ मध्ये, ४.१९ कर्नलमध्ये लागला. उपग्रह आणि टॉवर दोन्ही झेलणाऱ्या चिपा येऊ लागल्या होत्या, म्हणून ड्रायव्हरच्या पोटात सगळ्यांच्या वारंवारतेच्या मर्यादा हर्ट्झमध्ये आल्या. आकडा ३२ बिटांत मावतो, कारण डीडी फ्री डिशचे ११०९० मेगाहर्ट्झ एलएनबीतच (छत्रीसमोरच्या डबीत) ९७५० ने कमी होऊन केबलवर १३४० उरतात. बाहेरच्या प्रोग्रामांसाठी उपग्रहाचे किलोहर्ट्झ तसेच ठेवले. ते बदलले असते तर लोकांच्या चॅनेल-याद्या मोडल्या असत्या.

मी वर ओरडून सांगितलं, ‘‘बारा!’’

‘‘बाराच टक्के?’’ म्हणत त्याने नट पुन्हा ढिला केला.