हेडफोनवरील आवाजपातळी : मोजणी आणि जुळणी

वॉकमन, एमपीथ्री प्लेअर, आयपॉड किंवा मोबाइल अशा खिशात मावणाऱ्या वादकाला (संगीत वाजवणाऱ्या यंत्राला) हेडफोन जोडल्यावर कानाशी किती ध्वनिदाब निर्माण होतो ते काढणे आणि तो योग्य मर्यादेत राखणे. ध्वनिदाब डेसिबलमध्ये सांगतात. २० मायक्रोपास्कल दाब म्हणजे शून्य डेसिबल. दाब दुप्पट झाला की आकडा ६ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात.

पडद्यावरची पट्टी किंवा टक्के म्हणजे पातळी नव्हे. अनेक अँड्रॉइड फोनांत संगीतासाठी १५ पायऱ्या असतात. कोणती पायरी किती डेसिबलची हे उत्पादक ठरवतो, आणि खालच्या पायऱ्यांमधले अंतर बहुधा वरच्यांपेक्षा मोठे असते. त्यामुळे ‘आवाज ६० टक्क्यांवर ठेवा’ हा सल्ला एका फोनावर बरोबर आणि दुसऱ्यावर घातक ठरू शकतो. कानाशी पोचणारी पातळी तीन गोष्टींवर अवलंबून असते : गाणे किती जोरात मुद्रित आहे, वादक किती व्होल्टेज देतो आणि हेडफोन किती संवेदनशील आहे.

हेडफोनच्या खोक्यावर संवेदनशीलता बहुधा ‘डेसिबल प्रति मिलिवॅट’ अशी छापलेली असते. ती ‘प्रति व्होल्ट’ करून घेतल्याशिवाय हिशेब जमत नाही. १६ ओहमच्या हेडफोनसाठी छापील आकड्यात १८ मिळवावेत, ३२ ओहमसाठी १५, आणि ३०० ओहमसाठी जेमतेम ५. म्हणजे १०६ डेसिबल प्रति मिलिवॅट असलेला १६ ओहमचा ईअरफोन एका व्होल्टला १२४ डेसिबल देतो. कित्येक खरेदीदार मिलिवॅटचा आकडा व्होल्टचा समजतात आणि तिथेच १५-१८ डेसिबलची चूक होते.

व्होल्टेज मोजण्यासाठी पूर्ण पातळीचा (फाइलमध्ये मावेल तितका मोठा) ४०० हर्ट्झचा साइन स्वर, म्हणजे एकाच कंप्रतेचा शुद्ध सूर, दोन्ही बाजूंना सारखा असलेल्या डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी या ध्वनी न गाळणाऱ्या फाइलमध्ये घ्यावा. साधे मल्टिमीटर याहून उंच स्वरांवर कमी आकडा दाखवू लागतात. इक्वलायझर आणि ‘बास बूस्ट’ बंद करावेत. एका पिनेतून दोन निघणारा जोड लावून एका टोकाला हेडफोन आणि दुसऱ्याला मीटर जोडावा. मीटर एसी मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर हवा. २०० व्होल्टचाच एसी पल्ला असलेला स्वस्त मीटर इथे निरुपयोगी आहे. पिनेचे टोक म्हणजे डावी बाजू, मधले कडे उजवी आणि मुळाजवळचा भाग सामाईक. मीटरच्या सळीने टोक आणि कडे एकत्र जोडले जाऊ देऊ नयेत, प्रवर्धक जळू शकतो. या वेळी हेडफोन कानात मुळीच नसावा.

हेडफोन न जोडता मोजले तर आकडा फुगतो. वादकाचा निर्गम रोध (त्याच्या बाहेर पडणाऱ्या वाटेतला स्वतःचा रोध) १० ओहम असेल, तर १६ ओहमचा ईअरफोन लावताच व्होल्टेज ४ डेसिबलहून अधिक उतरते.

समजा, एका पायरीवर मीटरने ५० मिलिव्होल्ट दाखवले. हे एका व्होल्टपेक्षा २६ डेसिबल कमी, म्हणून वरच्या ईअरफोनवर हा स्वर ९८ डेसिबलचा. गाणे मात्र पूर्ण पातळीच्या स्वरापेक्षा बरेच खाली असते : त्याची मुद्रित पातळी उणे १४ एलयूएफएस (मुद्रणाचा सरासरी जोर सांगणारे डेसिबलचे एकक; वरच्या पूर्ण पातळीच्या स्वराला शून्य) असेल, तर कानाशी सुमारे ८४ डेसिबल. हा अंदाज दोन-चार डेसिबलने चुकतो, पण पट्टीकडे पाहून बांधलेल्या अंदाजापेक्षा फार बरा.

ब्लूटूथवर व्होल्टेज मोजायला जागाच नसते. तिथे जाड पुठ्ठ्याच्या चकतीला मध्ये भोक पाडून त्यात ध्वनिमापकाचा माइक घट्ट बसवतात, हेडफोनची वाटी त्यावर दाबतात आणि पिंक नॉइज (सर्व स्वर मिसळलेला एकसारखा सळसळाट) वाजवून ए-भारित (कानाच्या संवेदनेप्रमाणे स्वरांना कमीजास्त वजन देणाऱ्या), संथ प्रतिसादावर आकडा वाचतात. फट राहिली की खालचे स्वर गळतात. मोबाइलचा माइक आणि त्यावरील ॲप या कामाला चालत नाहीत, कारण फोन स्वतःच माइकची पातळी वरखाली करतो. प्रयोगशाळेत कृत्रिम कान असलेले डोके वापरतात.

मर्यादेचा आधार म्हणजे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांचे मानक : प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, मुलांना ७५ डेसिबलवर ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणून प्रौढांसाठी ८६ डेसिबलला १० तास, ९२ ला अडीच तास, ९८ ला जेमतेम ३७ मिनिटे, आणि तीही आठवडाभराची मिळून. युरोपात २०१३ पासून नव्या वादकांनी ८५ डेसिबलच्या पुढे जाताना इशारा द्यावा आणि ऐकण्याचे २० तास भरले की तो पुन्हा द्यावा, असे मानक आहे. कमाल मर्यादा १०० डेसिबल. त्याआधी फ्रान्सने १०० डेसिबलची सक्ती केली होती. आयपॉडमध्ये सांकेतिक क्रमांकाने कुलूपबंद करता येणारी कमाल मर्यादा २००६ मध्ये आली.

पायरी शांत खोलीत ठरवावी. लोकलमध्ये किंवा एसटीत ठरवली तर गाडीचा गोंगाट झाकण्याइतका आवाज वाढतो आणि घरी आल्यावरही तसाच राहतो. कानात घट्ट बसणारे रबरी बोंडू बाहेरचा आवाज अडवतात, हा खरा फायदा.

एकदा पायरी ठरली तरी गाण्यागणिक आवाज बदलतो, कारण मुद्रणच वेगवेगळ्या पातळीवर असते. यावर उपाय म्हणून २००१ मध्ये रीप्लेगेन ही पद्धत सुचवली गेली : फाइलमध्ये फक्त किती वाढवायचे वा घटवायचे याची नोंद होते, ध्वनी तसाच राहतो. एमपीथ्रीगेन हा प्रोग्रॅम मात्र फाइलमधलाच आवाजपातळीचा आकडा १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी बदलते. तो पूर्ववत करता येतो. रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर (वादकाची मूळ प्रणाली बदलून घालायची) रीप्लेगेन वाचते आणि आवाज थेट डेसिबलमध्ये दाखवते, म्हणून मोजणी करणाऱ्यांना ते सोयीचे. ख्यालगायनाच्या संग्रहाला रीप्लेगेनचा ‘अल्बम’ (संपूर्ण संग्रहाला एकच बदल) हा पर्यायच निवडावा. विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइलींत असतील, तर ‘ट्रॅक’ पर्याय शांत विलंबिताला द्रुताच्या पातळीवर आणून बसवतो आणि मैफलीचा चढ नाहीसा होतो. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या नाट्यपदांना धन मूल्य (आवाज वाढवणारा आकडा) दिले की खरखरही तितकीच वाढते. धन मूल्याने पूर्ण पातळीपलीकडे जाणारी ध्वनीची शिखरे छाटली जातात (क्लिपिंग), म्हणून ‘क्लिपिंग टाळा’ हा पर्याय चालू असावा.

मुलांसाठी ‘८५ डेसिबल मर्यादा’ लिहून विकले जाणारे तारेचे हेडफोन आत रोध टाकून बनवलेले असतात. ती मर्यादा १५० मिलिव्होल्टपर्यंतच्या वादकाला धरून असेल, तर एक व्होल्ट देणाऱ्या वादकावर हाच हेडफोन साडेसोळा डेसिबलने वर, म्हणजे १०१ च्या पुढे जातो.