किटली आणि मुंबई : मुरवलेल्या चहाची पार्श्वभूमी

मुंबईतल्या बहुतेक घरांत चहा पातेल्यात होतो. पाणी, साखर, आले किंवा गवती चहा, मग पत्ती, मग दूध, आणि उकळी येऊन रंग चढला की गाळणीतून सरळ कपात. या पद्धतीत चिनी मातीच्या किंवा चांदीच्या किटलीला काहीच काम नसते. तरीही याच शहरातील जुन्या घरांच्या काचेच्या कपाटांत, पारशी कुटुंबांच्या वडिलोपार्जित सामानात आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत किटल्यांची वाण नाही. उकळलेल्या चहाच्या शहरात मुरवलेल्या, म्हणजे पत्तीवर गरम पाणी ओतून ती तशीच ठेवून केलेल्या, चहाची इतकी भांडी कशी जमा झाली, याचे उत्तर समुद्रमार्गे चाललेल्या व्यापारात, आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्यात आणि पत्तीच्या बदलत गेलेल्या घडणीत सापडते. किटल्या जमवण्याचा नाद ज्यांना लागला आहे त्यांनी ही पार्श्वभूमी जरूर जाणून घ्यावी, कारण किटलीचे पोट केवढे, तोटी कुठून निघते, कान कशाचा आहे, या प्रत्येक गोष्टीत त्या त्या काळी चहा कसा केला जाई हे नोंदलेले असते.

चहा फार जुना असला तरी किटली त्या मानाने अलीकडची आहे. चीनमध्ये तांग राजवटीत चहाच्या पानांच्या दाबून वड्या करत, त्या भाजून कुटत आणि ती पूड चिमूटभर मिठासह पाण्यात उकळत. आठव्या शतकात लु यू याने चहावर जो ग्रंथ लिहिला त्यात चहाच्या अनेक उपकरणांचे बारकाईने वर्णन आहे, पण आज आपण जिला किटली म्हणतो ती त्यात नाही. पुढे सुंग काळात चहाची बारीक पूड वाडग्यात घालून, वरून गरम पाणी ओतून, बांबूच्या घुसळणीने फेस येईपर्यंत घुसळण्याची रीत आली. तिथेही किटलीची गरज नव्हती. इ. स. १३९१ मध्ये मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट होंगवू याने दरबाराला नजराणा म्हणून येणाऱ्या दाबलेल्या वड्या बंद केल्या आणि सुटी पत्ती पाठवण्याचा हुकूम दिला. वड्या घडवण्यात रयतेचे फार श्रम जात, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. सुटी पत्ती आली की ती पाण्यात मुरवायला झाकणाचे आणि तोटीचे भांडे लागणारच. त्यामुळे किटलीच्या जन्माचे श्रेय त्या हुकुमाला द्यावे असे मला वाटते.

या नव्या गरजेला सर्वांत सुंदर उत्तर दिले ते जिआंग्सू प्रांतातील यिशिंग गावाने. ताइ सरोवराच्या पश्चिमेला असलेल्या या परिसरात तांबूस-जांभळट छटेची एक माती मिळते, तिला झिशा म्हणतात. तिची भांडी झिलई न देता भाजली जातात, तरी ती गळत नाहीत, आणि अंगात सूक्ष्म छिद्रे राहिल्यामुळे वर्षानुवर्षे वापरलेल्या किटलीत चहाचा गंध मुरत जातो. सोळाव्या शतकातील गोंग चुन हा या परंपरेचा आद्य कारागीर मानला जातो आणि त्यानंतरच्या शी दाबिनने लहान आकाराच्या किटलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. किटली लहान ठेवण्यामागे विचार होता: भरपूर पत्ती, थोडे पाणी, थोडा वेळ, आणि त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी. चांगली यिशिंग किटली हातात घेतली की तिचे झाकण कडेला इतके नेमके बसलेले असते की झाकणावरच्या भोकावर बोट ठेवले तर वाहती धार जागच्या जागी थांबते. हाँगकाँगमधील फ्लॅगस्टाफ हाउस चहापात्र संग्रहालय १९८४ मध्ये उघडले, तेच मुळी एका उद्योजकाने आयुष्यभर जमवलेल्या आणि नंतर जनतेला देऊन टाकलेल्या यिशिंग संग्रहाच्या जोरावर.

सतराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी चहा युरोपात नेला आणि त्याच्या मागोमाग यिशिंगच्या छोट्या किटल्याही गेल्या. इथे मुंबईचा संबंध येतो, आणि तो योगायोगाचा असला तरी विलक्षण आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रागांझा हिचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह १६६२ मध्ये झाला. त्याआधीच्या वर्षी झालेल्या करारानुसार मुंबई बेट आंदणात गेले आणि १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. लंडनच्या कॉफीगृहांत चहा त्यापूर्वीच विकला जात होता, पण दरबारी स्त्रियांमध्ये तो रुळला तो या चहाप्रेमी राणीमुळे. एकाच लग्नाने इंग्रजांना मुंबई मिळाली आणि त्यांच्या उच्चभ्रू घरांत चहाची बैठक पक्की झाली. लॉर्ड बर्कली याने १६७० च्या सुमारास कंपनीच्या समितीला भेट दिलेली चांदीची किटली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ती उंच, निमुळती आणि सरळ तोटीची आहे. तिच्यावर कोरलेला मजकूर नसता तर तिला कोणीही कॉफीचेच भांडे म्हटले असते. चहासाठी भांडे कसे असावे हे इंग्रज कारागिरांना तोवर ठाऊकच नव्हते.

ते त्यांनी चीनच्या मालावरून शिकून घेतले. डेल्फ्ट येथे आरी द मिल्दे याने, इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये एलर्स बंधूंनी आणि ड्रेस्डेन येथे ब्योटगर याने यिशिंगची तांबडी किटली समोर ठेवून तशीच घडवण्याचे प्रयत्न केले. ब्योटगरच्या प्रयोगांतूनच पुढे खरे पोर्सेलिन, म्हणजे पांढरी, कठीण चिनी माती, साधले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. तोपर्यंत, आणि नंतरही बराच काळ, चिनी पोर्सेलिन जहाजांच्या तळाशी भरून येत असे. ते जड होते, भिजून बिघडत नव्हते, आणि त्याच्या थरावर चहाच्या पेट्या कोरड्या राहत. १७५२ मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सेन’ या डच जहाजातून १९८०च्या दशकात बाहेर काढलेल्या लाखाहून अधिक भांड्यांत किटल्याही होत्या.

इंग्रजी किटली मोठी झाली ती कायद्यामुळे. १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला, चोरटी आयात थंडावली आणि सामान्य माणसाला चहा परवडू लागला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मूठभर आकाराच्या किटल्या आणि शतकाच्या अखेरीच्या पोटभर किटल्या शेजारी ठेवल्या की हा फरक सहज दिसतो. त्याच सुमारास स्पोडच्या कारखान्यात निळ्या छपाईची भांडी आणि मग हाडांची राख मिसळलेले बोन चायना तयार होऊ लागले. विलो झाड, पूल आणि दोन पाखरे असलेली जी निळी नक्षी आपण चिनी समजतो, ती याच काळात इंग्लंडमध्ये जुळवलेली आहे.

आपल्या किनाऱ्यावर चहा इंग्रजी मळ्यांच्या पुष्कळ आधी पोहोचला होता. १६८९ मध्ये इंग्लंडहून सुरतेच्या प्रवासाला निघालेला आणि मुंबईतही राहिलेला धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन याने नोंदवले आहे की, सुरतेचे लोक चहात मसाले घालून, खडीसाखर घालून, तर कोणी लिंबासोबत तो घेतात आणि डोके दुखण्यावर वा पोटाच्या तक्रारीवर तो गुणकारी मानतात. मसाल्याचा चहा ही अलीकडची कल्पना नाही, हे यावरून ध्यानात यावे.

मुंबईत किटल्यांची खरी आवक एकोणिसाव्या शतकात, चीनच्या व्यापारातून झाली. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू कँटनला जाई आणि त्या पैशावर इंग्लंडसाठी चहा खरेदी होई. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीचा पाया याच व्यापारात आहे, आणि त्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या संस्था आजही शहराची शोभा आहेत. पण त्या अफूने चीनमध्ये केलेला नाश विसरून या भांड्यांचे कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. परतीच्या जहाजांतून पारशी घरांत गारा (चिनी भरतकामाच्या साड्या) आणि तनछोईचे नक्षीदार रेशीम आले, तसे पोर्सेलिनही आले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी आणि जपानी वस्तूंचे दालन सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांमुळे समृद्ध झाले. चिनी भांडी ओळखायला शिकायचे असेल तर बाजारात जाण्याआधी तिथे वेळ काढावा.

मराठी घरांची गोष्ट निराळी होती. धातूचे भांडे घासून शुद्ध करता येते, चिनी मातीचे येत नाही, अशी समजूत असल्याने कपबशीलाच स्वयंपाकघरात मज्जाव होता, मग किटलीची काय कथा. चहा कोणाच्या हातचा घेतला यावरून केवढे वादळ उठू शकते ते १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये दिसले. व्याख्यानानंतर तिथे चहा घेतल्याबद्दल टिळक, रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य (जातिबहिष्काराचे प्रकरण) झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. हे निर्बंध सैल होईपर्यंत चहा पितळेच्या कल्हई केलेल्या भांड्यात उकळण्याची सवय पक्की झालेली होती.

किटलीचा प्रचार व्हावा म्हणून प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नाही. आसामच्या चहाची पहिली खेप १८३८ मध्ये लंडनला रवाना झाल्यापासून मळेवाल्यांची नजर परदेशावरच होती. १९०३ च्या चहा उपकर कायद्याने प्रचारासाठी निधी उभा राहिला आणि कालांतराने तो देशातही वापरला जाऊ लागला. रेल्वे स्थानकांवर प्रात्यक्षिके झाली, फलक लागले, आणि त्यांत रीत सांगितलेली असे ती किटलीचीच: ताजे खळखळते पाणी, आधी ऊन केलेली किटली, माणशी एक चमचा पत्ती, काही मिनिटे मुरणे, दूध-साखर शेवटी. लोकांनी चहा घेतला, रीत सोडून दिली. दूध आणि मसाला वाढवला की पत्ती कमी लागते, हे चहावाल्यांचे गणित चोख होते. त्यातच १९३० मध्ये आसामातील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर याने पत्ती चिरडून, फाडून तिच्या गोळ्या वळण्याचे यंत्र आणले. ही सीटीसी पत्ती झटकन गडद रंग देते, उकळी सोसते आणि दुधापुढे फिकी पडत नाही. स्वातंत्र्यानंतर ती सर्वत्र पसरली आणि किटलीचे उरलेसुरले काम संपले. मुरवलेल्या चहाची ओळख शहरात टिकवली ती मुख्यतः इराण्यांनी: समोवारवर (पाणी तापते ठेवणाऱ्या तोटीच्या भांड्यावर) तापणारे पाणी, वेगळा ठेवलेला कडक अर्क आणि वेगळे दूध, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे ‘पानी कम’. धोबी तलावचे कयानी १९०४ पासून चालू आहे.

म्हणून मुंबईतली किटली बहुधा आहेरात आली आणि शोकेसमध्ये राहिली. न वापरलेले असे टी-सेट आज घरे रिकामी होताना बाजारात येतात, आणि जमवणाऱ्याला ते स्वस्तात मिळतात. विकत घेताना तळ आधी पाहावा. तळाशी नुसते ‘इंग्लंड’ असे देशाचे नाव असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या आयातकर कायद्याने ते नाव तेव्हापासून सक्तीचे झाले. ‘निप्पॉन’ (जपान) असेल तर साधारण १९२१ पूर्वीची. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे असली तर ती चांदी नव्हे, निकेलच्या मिश्रधातूवर दिलेला विजेचा मुलामा आहे. अशा किटलीच्या कानाकडे नीट पाहावे: कान जिथे पोटाला जुळतो तिथे दोन्ही टोकांना हाडाची किंवा हस्तिदंताची पांढरी चकती बसवलेली असते, कारण धातूतून चढणारी धग तिथेच अडवायची असते. ती चकती सैल झाली असेल तर ओतताना किटली हातात डुगडुगते. चिनी मातीची किटली बोटाने टिचकी मारून ऐकावी; खणखणीत नाद आला तर अंगात तडा नाही, भद्द आवाज आला तर आहे. तोटीचे टोक किटलीच्या काठापेक्षा खाली असेल तर ती पूर्ण भरताच येत नाही, मग नक्षी कितीही देखणी असो. मला स्वतःला सोन्याच्या रेघांच्या किटलीपेक्षा स्टॅफर्डशायरची साधी तपकिरी ‘ब्राउन बेटी’ अधिक मोलाची वाटते: तिच्या गोल पोटात पान मोकळे फिरते, तांबडी माती ऊब धरून ठेवते, आणि तपकिरी झिलईवर डाग दिसत नाहीत.

अशी किटली वापरायची तर पत्ती ऑर्थोडॉक्स, म्हणजे अखंड पानाची, घ्यावी. चहा चाखण्यासाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे असे प्रमाण आहे. ते तुलनेसाठी आहे. पिण्यासाठी आसामला चार मिनिटे पुरतात, आणि पहिल्या बहराच्या दार्जिलिंगला खळखळते पाणी न घालता ते क्षणभर निवू द्यावे व तीन मिनिटांत गाळावे. मुंबईच्या नळाला भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी येते, ते मानाने मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, असल्याने चहाला चांगले लागते. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात मात्र चहावर तवंग धरतो आणि चव बोथट होते. झिलई नसलेल्या किटलीला साबण लावू नये आणि तिच्यात एकाच जातीचा चहा करावा. आपल्या पावसाळ्यात अशी किटली झाकण लावून ठेवली तर आतून बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर ती गरम पाण्याने विसळून, झाकण वेगळे ठेवून, पूर्ण सुकवल्याशिवाय कपाटात टाकू नये.