टाचेवरच्या शिरेला वजन कसे मिळाले

टाचेच्या वर दोरीसारखी जी शीर हाताला लागते, ती दुखायला लागली की सल्ला ठरलेला असतो: आराम करा, बर्फ लावा, गोळी घ्या. तीन आठवड्यांत दुखणे जाते आणि धावायला लागले की दहा दिवसांत परत हजर होते. ‘शीर’ हा बोलण्यातला शब्द. तिच्यातून रक्त वाहत नाही. शास्त्रात ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचा पट्टा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अशा सोळा कंडरा मोजल्या आहेत: पायांत चार, हातांत चार, मानेत चार, पाठीत चार. युरोपात फिलिप फेरहेयन या फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञाने १६९३ च्या ग्रंथात टाचेवरच्या कंडरेला ग्रीक वीर अकिलीजचे नाव जोडले, ते आजवर टिकले.

नाव जुने, पण कंडरेला स्वतंत्र व्यायाम लागतो ही कल्पना जेमतेम शंभर वर्षांची. तिचा पहिला मोठा प्रचारक प्रयोगशाळेतला नव्हता, सर्कशीतला होता. अलेक्झांडर झास (१८८८–१९६२) हा रशियन पैलवान पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या कैदेत पडला होता. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘सॅमसन’ या नावाने तो साखळ्या तोडण्याचे खेळ करू लागला आणि टपालाने व्यायामाचे धडेही विकू लागला. त्याचे म्हणणे असे, की फुगलेला दंड ताकदीची खात्री देत नाही, ताकद कंडरेत असते. म्हणून न तुटणारी साखळी पकडून काही सेकंद सर्व जोर लावायचा. साखळी हलत नाही, सांधा हलत नाही, ताण मात्र पूर्ण. झासची कारणमीमांसा निम्मीच बरोबर होती, कारण जोर निर्माण करतो तो स्नायूच. पण स्थिर राहून मोठा ताण धरून ठेवायचा, ही त्याची रीत पुढे प्रयोगशाळेत पास झाली.

मधे एक आडवळण आले. १९५३ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंड इथे हेटिंगर आणि म्युलर यांनी मांडले, की कमाल ताकदीच्या दोन तृतीयांश जोर दिवसातून एकदा सहा सेकंद स्थिर धरला तरी आठवड्याला सुमारे ५ टक्के ताकद वाढते. १९६० च्या सुमारास अमेरिकेत याचे वेड लागले, स्थिर जोर लावायच्या लोखंडी चौकटी विकल्या गेल्या. ज्या वेटलिफ्टरांची प्रगती जाहिरातीत दाखवली जात होती त्यांपैकी काही जण त्याच काळात स्नायू वाढवणाऱ्या अॅनाबॉलिक स्टेरॉइडच्या गोळ्याही घेत होते. हे उघड झाल्यावर स्थिर व्यायामाची सगळी पतच गेली. गोळीचे पाप व्यायामाच्या माथी बसले आणि पुढची काही दशके व्यायामशाळांत त्याची किंमत उरली नाही.

दुसरे आडवळण जास्त महागात पडले, कारण ते नावातून आले. कंडरेच्या दुखण्याला ‘टेंडिनायटिस’ म्हणायची पद्धत होती. शेवटचा ‘आयटिस’ म्हणजे दाह. दाह म्हटले की विश्रांती, दाहशामक गोळ्या आणि १९५० नंतर कॉर्टिसोनचे इंजेक्शन हे ओघाने आले. १९७६ मध्ये पुड्डू आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी ‘टेंडिनोसिस’, म्हणजे झीज, हा वेगळा शब्द सुचवला. जुनाट दुखऱ्या कंडरेच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली विस्कटलेले तंतू दिसत. नेहमीच्या दाहाच्या पेशी जवळपास नसत. तरी १९९८ मध्ये माफुल्ली आणि सहकाऱ्यांना ‘ही गोंधळाची परिभाषा आता बदला’ असे पुन्हा लिहावे लागले. तेव्हापासून ‘टेंडिनोपथी’, म्हणजे कंडरेचा आजार, हा शब्द रूढ झाला. आजही चिठ्ठीवर जुनाच शब्द असतो, हा भाग वेगळा.

उपचार म्हणून वजन आणले कॅनडातल्या कर्विन आणि स्टॅनिश यांनी, १९८० च्या दशकात. त्यांचा मुद्दा साधा होता: कंडरा दुखावते ती बहुधा खाली उतरताना, वेग आवरताना, म्हणजे स्नायू लांबत असताना जोर लावताना. मग सरावही त्याच हालचालीचा द्यावा. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, आणि शेवटच्या फेरीत थोडे दुखले पाहिजे. अजिबात दुखले नाही तर वेग किंवा वजन वाढवा.

खरा धक्का दिला स्वीडनमधल्या उमिओच्या हाकन अल्फ्रेडसन या शल्यविशारदाने. तो स्वतः धावपटू, आणि त्याचीच कंडरा दुखत होती. वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार होईनात. तेव्हा दुखणे मुद्दाम बिघडवले तर करावीच लागेल, या हिशेबाने त्याने दुखऱ्या पायावर जोरात व्यायाम सुरू केला. दुखणे गेले! १९९८ मध्ये त्याने १५ हौशी खेळाडूंवरचा अभ्यास छापला. बारा आठवड्यांनी पंधराही जण पुन्हा धावत होते. नेहमीचे उपचार घेतलेल्या दुसऱ्या पंधरा जणांना अखेर शस्त्रक्रियेची टेबल गाठावी लागली.

त्याची कृती घरच्या जिन्यावर होते. कठड्याला हात टेकवून पायरीच्या कडेवर फक्त चवडे ठेवायचे, टाचा हवेत. चांगल्या पायाच्या जोरावर वर चढायचे, मग सगळे वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश उतरवायची. वर येताना पुन्हा चांगला पाय. गुडघा सरळ ठेवून १५ च्या तीन फेऱ्या, किंचित वाकवून १५ च्या तीन. सकाळी आणि संध्याकाळी, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. दिवसाला १८० उतार झाले. गुडघा वाकवायचा तो पोटरीतल्या आतल्या, सोलियस स्नायूवर भार यावा म्हणून. दुखणे कमी झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन टाकत जायचे.

चूक होते ती जागेत. टाचेपासून दोन ते सहा सेंटिमीटर वर दुखत असेल तर हे लागू पडते. कंडरा हाडाला जिथे चिकटते तिथेच दुखत असेल आणि टाच पायरीखाली उतरवली, तर ती टाचेच्या हाडावर दाबली जाते आणि दुखणे चिघळते. २००३ च्या एका स्वीडिश पाहणीत मधल्या भागाच्या दुखण्यात ८९ टक्के, तर हाडाजवळच्या दुखण्यात फक्त ३२ टक्के लोकांना समाधानकारक गुण आला. २००८ मध्ये टाच जमिनीच्या पातळीवरच थांबवायची सुधारित रीत आली, तेव्हा दुसऱ्या गटातही ६७ टक्क्यांना आराम पडला. पायरी तीच, फरक फक्त टाच किती खाली जाते याचा.

उतरणेच गुणकारी, की मुळात वजनच? कोपनहेगनमध्ये काँग्सगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर तीन उपाय तपासले: कॉर्टिसोनची इंजेक्शने, उतारावरचे एकपायी बैठक-व्यायाम, आणि जड वजन सावकाश वर-खाली. इंजेक्शनवाले सुरुवातीला आनंदी होते, सहा महिन्यांनी दुखणे परतले होते. जड-सावकाश गट टिकला. त्यांचा आराखडा असा: आठवड्यातून तीन दिवस, स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणे) आणि हॅक स्क्वॉट (यंत्राला पाठ टेकून बैठका), प्रत्येकाच्या चार फेऱ्या. पहिल्या आठवड्यात पंधराच्या वर एकही जमणार नाही इतके वजन. मग दोन आठवडे बारा, दोन आठवडे दहा, तीन आठवडे आठ आणि शेवटचे चार आठवडे सहाच. प्रत्येक वेळी तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. २०१५ मध्ये टाचेच्या कंडरेवर उतार आणि जड-सावकाश यांची तुलना झाली आणि दोन्ही रीती सारख्याच उपयोगी ठरल्या. पण रोज १८० उतारांपेक्षा आठवड्याला तीन दिवस माणसे जास्त काळ पाळतात.

किती जड, याचे उत्तर २००७ मध्ये जर्मनीत अरांपाट्झिस यांच्या गटाने दिले. एकाच माणसाच्या एका पायाला कमाल ताकदीच्या ५५ टक्के, दुसऱ्याला ९० टक्के ताण; एकूण काम सारखे ठेवलेले. चौदा आठवड्यांनी ताठरता वाढली फक्त जड पायाच्या कंडरेची, जिथे कंडरा ताणाखाली साडेचार टक्क्यांच्या आसपास लांबत होती. म्हणून आजचा ठोकताळा: ९० टक्के जोर, तीन सेकंद धरणे, तीन सेकंद सोडणे, अशा चारच्या पाच फेऱ्या. झासची साखळी, फक्त घड्याळ लावलेली.

ताठर कंडरा खेळाडूला हवी असते, कारण ती स्नायूचा जोर हाडापर्यंत लवकर पोचवते. आणि ती स्प्रिंगही आहे: लीड्सच्या अलेक्झांडर यांच्या गटाने १९८७ मध्ये हिशेब मांडला, की धावताना प्रत्येक पावलातल्या ऊर्जेपैकी सुमारे ३५ टक्के टाचेची कंडरा साठवते आणि त्यातला बहुतेक भाग परत देते.

तरीही घाई नडते. २०१३ मध्ये डॅनिश संशोधकांनी अणुचाचण्यांतून हवेत गेलेल्या कार्बन-१४ च्या खुणा मोजून दाखवले, की टाचेच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षानंतर जवळजवळ बदलत नाही. स्नायू पाच-सहा आठवड्यांत दमदार होतो, कंडरेला महिने लागतात. स्पर्धेच्या तोंडावर मैल वाढवणाऱ्यांची पोटरी ठणठणीत असते, फाटते ती खालची दोरी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून कंडरा तुटण्याचा ठळक इशारा छापायला लावला आहे. असा कोर्स चालू असेल तर उड्या आणि जड वजन बाजूला, आणि डॉक्टरांना आपण काय व्यायाम करतो ते सांगणे बरे.

जिलेटिनचीही चलती आहे. २०१७ च्या एका प्रयोगात आठ पुरुषांना सहा मिनिटे दोरीवरच्या उड्यांच्या तासभर आधी व्हिटॅमिन सी घातलेले १५ ग्रॅम जिलेटिन दिले, आणि कोलॅजन तयार होण्याची रक्तातली खूण दुप्पट झाली. माणसे आठच, आणि ती खूण हाडातूनही येऊ शकते. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनते, हे शाकाहारी वाचकांनी डबा उघडण्याआधी लक्षात ठेवावे.

दुखणे किती चालवून घ्यायचे, याचा मापदंड २००७ मध्ये स्वीडनच्या सिल्बरनागेल यांनी दिला: दहापैकी पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर आलेले हवे, आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. उड्यांची पाळी त्यानंतरची. जोरदार कामानंतर पहिले २४ ते ३६ तास कंडरेत कोलॅजनची मोड जास्त, घडण कमी असते; पारडे नंतर फिरते. म्हणून दोरीच्या किंवा पेटीवरून मारायच्या उड्या सोमवारी केल्या, तर त्यानंतरच्या उड्या त्याच आठवड्यातल्या गुरुवारी.