एकवीस दिवसांचा गहू

इंदूरजवळ सांवेरकडे मामांचं शेत आहे. गहू एकवीस दिवसांचा झाला की पहिलं पाणी सोडण्याआधी मामा खुरप्यानं एक रोप मातीसकट उचलतात आणि बादलीत बुचकळतात. चिखल सुटला की बियातून निघालेली पाच-सहा बारीक मुळं दिसतात. त्यांच्या वर, जमिनीलगतच्या पेरातून जाडसर पांढरी टोकं डोकावत असतात. ही मुकुटमुळं. पुढे फुटव्यांना, म्हणजे बुडातून निघणाऱ्या नव्या काड्यांना, पोसायचं काम यांचं, म्हणून पाण्याची वेळ इथे चुकवायची नसते.

पेरताना दिलेल्या डीएपी या रासायनिक खतातला स्फुरद (फॉस्फरस) मात्र मातीत फारसा हलत नाही. माळव्याच्या काळ्या मातीत चुना भरपूर, त्याच्याशी स्फुरदाची गाठ पडली की सुटता सुटत नाही. मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. इथे बियाण्याला लावायचं जिवाणू खत कामी येतं. त्यातले स्फुरद विरघळवणारे जिवाणू आम्लं सोडून ही गाठ सैल करतात. ॲझोस्पिरिलम हा दुसरा जिवाणू ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक बनवतो. त्यानं उपमुळं आणि केसमुळं वाढतात. हवेतला नत्रही (नायट्रोजन) तो थोडा देतो, पण हरभऱ्यासारख्या नत्र धरणाऱ्या मुळांवरच्या गाठी गव्हाला नसतात, त्यामुळे भिस्त त्यावर ठेवू नये. एकरी वीस क्विंटल गहू काढायचा तर पिकाला साधारण ५० किलो नत्र लागतो. तो जिवाणूंच्या पाकिटातून येत नाही. ‘जिवाणू खत वापरा, युरिया बंद करा’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

उलट, युरिया जास्त झाला की पाला माजतो, मुळं त्या मानानं तोकडी राहतात आणि ओंब्या भरल्यावर वाऱ्यानं पीक लोळतं.

जिवाणूंनाही खायला लागतं, ते म्हणजे मातीतला सेंद्रिय कर्ब. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, राख आणि गोमूत्र मुरलेली माती कुजवून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ इथेच बसवली. ती १९३१ साली प्रसिद्ध झाली. इंदूरच्या शेतकऱ्यालाच हे आज नव्यानं सांगावं लागतं, याची मला गंमत वाटते.

गेल्या वर्षी मामांनी जिवाणूंचं पाकीट आणलं आणि दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत विसरले. त्या उकाड्यात कितीसे जगले असतील! पेरा केला, फरक शून्य. यंदा बियाण्याला आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर गुळाच्या थंड पाण्यात कालवलेलं जिवाणू खत, मग ओसरीवर सावलीत सुकवणं. एका वाफ्यात मुद्दाम जिवाणू न लावलेलं बियाणं पेरलंय. परवा दोन्हीकडचं एकेक रोप बादलीत बुडवायचं आहे.