धडधडीचा पेशंट नक्की कोणाचा? थोडी पार्श्वभूमी

ग्वाल्हेरला आपल्या मराठी घरांमधे एखाद्या काकांना किंवा आजींना अनियमित धडधडीचा त्रास असला की घरात एक जाडजूड फाइल असतेच, त्यात दिल्लीचे पर्चे वेगळे, इथल्या फिजिशियनचे वेगळे, आयएनआरचे (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचे) रिपोर्ट लॅबच्या पाकिटात, आणि हे सगळं एकत्र वाचणारं कोणी नाही. लोक डॉक्टरांना नावं ठेवतात पण मला वाटतं याचं मूळ जुनं आहे, या आजारात एकेक शोध लागत गेला आणि प्रत्येक शोधामागे एक नवा डॉक्टर वाढला.

गजराराजा मेडिकल कॉलेज १९४६ चं, तेव्हा इसीजी होता पण अंगात बसवायचा पेसमेकर नव्हता. तो आला १९५८ मधे स्टॉकहोमला, आर्ने लार्सन नावाच्या पेशंटला बसवला आणि काही तासांतच बंद पडला! तरी लार्सन २००१ पर्यंत जगले, एकामागून एक वीसच्या वर पेसमेकर बदलून. १९८० मधे आयसीडी आलं, म्हणजे ठोके धोकादायक झाले की आतूनच शॉक देणारं यंत्र. मग १९९८ ला फ्रान्समधल्या बोर्दोच्या टीमनं दाखवलं की एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर, म्हणजे हीच अनियमित धडधड) ठिणगी बऱ्याचदा फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांमधून पडते, तिथून त्या जागा आतून जाळून बंद करायच्या उपायाचा, म्हणजे अ‍ॅब्लेशनचा जोर वाढला. इकडे रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, मुळात उंदीर मारायचं औषध, १९५४ पासून माणसांना मिळायला लागलं होतं, पण ते घेतलं की आयएनआर सारखा तपासावा लागतो, साधारण २ ते ३ मधे ठेवायचा, आणि थंडीत रोज मेथी-पालक सुरू झाली की तो खाली येतो. एट्रियल फिब्रिलेशनमधे स्ट्रोकचा धोका पाचपट असतो हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या अभ्यासातून कळलं होतं, म्हणजे न्यूरोवालेही आलेच.

या सगळ्यांची सांगड घालायचं कोणाला फार उशिरा सुचलं. नेदरलँडमधल्या मास्ट्रिक्टला एट्रियल फिब्रिलेशनच्या ७१२ पेशंटवर अभ्यास झाला, २०१२ मधे छापला, निम्म्या पेशंटचा फॉलोअप ट्रेनिंग घेतलेल्या नर्सनं केला, हाताशी सॉफ्टवेअर आणि मागे कार्डिऑलॉजिस्ट. हृदयविकारानं मृत्यू किंवा अ‍ॅडमिट व्हायची वेळ त्या गटात १४.३ टक्क्यांवर आली, नेहमीच्या पद्धतीत २०.८ टक्क्यांवर. युरोपच्या २०१६ च्या गाइडलाइनमधे मग एकत्रित केअरची शिफारस आली. अर्थात नर्स नेमली की झालं असंही नाही, पुढे आठ हॉस्पिटलांत तोच प्रयोग केला तेव्हा एकूणात ठळक फरक दिसला नाही, मुरलेल्या सेंटरांमधे मात्र दिसला.

आपल्याकडे अजून एक गुंता आहे, तो म्हणजे र्‍हुमॅटिक. लहानपणच्या घशाच्या इन्फेक्शननंतर हृदयाची झडप आकसते, मग तिशी-चाळिशीतच फिब्रिलेशन. रक्त पातळ करणाऱ्या नवीन गोळ्या आल्या, ज्यांना आयएनआर लागत नाही, तेव्हा वाटलं सुटलो एकदाचे. पण २०२२ च्या इन्व्हिक्टस ट्रायलमधे, ज्यात भारतातलेही पेशंट होते, र्‍हुमॅटिकवाल्यांमधे रिव्हरॉक्सबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. म्हणजे अ‍ॅब्लेशन किंवा झडपेचं ऑपरेशन दिल्लीला होवो नाहीतर इथे, या लोकांचं रक्त वरचेवर तपासणं आणि त्याप्रमाणे गोळी कमीजास्त करणं हे काम घराजवळच्याच कोणा डॉक्टरकडे राहणार.